माळावर वेडी बाभूळ कुठवर पसरेल? सोलापूरच्या गवताळ प्रदेशासाठी पसरणीचं मॉडेल, पहिल्यापासून

उत्तर सोलापूर तालुक्यातला नान्नज, मार्डी, कारंबा, वडाळा हा पट्टा उथळ, मुरमाड जमिनीचा. पाऊस कमी, झाडं तुरळक आणि पावसाळ्यानंतर गुडघाभर गवत. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड यांचं घर हेच. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं ते याच उघड्या माळासाठी. महसुली कागदावर अशी जमीन 'पडीक' म्हणून लागते आणि मग तिथे झाडी वाढली तर चांगलंच झालं असं वाटतं. माळढोकाला मात्र लांबवर दिसणारी मोकळी जमीन लागते. वेडी बाभूळ हे बाहेरून आलेलं काटेरी झाड दाट झालं की गवत जातं, नजर अडते आणि माळ माळ राहत नाही.

ही बाभूळ पुढच्या दहा वर्षांत कुठे पोहोचेल आणि त्यातलं आधी कुठे थांबवायचं, याचा नकाशा कसा करायचा हे इथे सांगितलं आहे. वाचणाऱ्याला क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये थर उघडता येतात आणि आर ही संगणकभाषा थोडीफार चालवता येते, एवढं गृहीत धरलं आहे. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. लागणारी सगळी सॉफ्टवेअर अव्यावसायिक कामासाठी फुकट आहेत.

आधी प्रश्नाचे दोन भाग करा

नवीन माणूस सहसा असं करतो: जागतिक नोंदी उतरवतो, हवामानाचे (तापमान-पावसाचे) १९ थर घेतो, मॅक्सेंट हे नोंदींवरून अनुकूल जागा शोधणारं सॉफ्टवेअर चालवतो आणि सोलापूर जिल्हा कापून काढतो. नकाशा येतो तो सगळा लाल. अक्कलकोटपासून करमाळ्यापर्यंत सगळीकडे 'अत्यंत अनुकूल'. त्यात चूक काही नसते, पण उपयोगही काही नसतो. वेडी बाभूळ मुळात उष्ण, कोरड्या अमेरिकेतली. तिला अडवतं ते मुख्यतः गोठवणारी थंडी, आणि ती सोलापुरात पडत नाही. सपाट जिल्ह्यात हवामान गावागणिक बदलत नाही, म्हणून हवामानाचं मॉडेल एका गावाला दुसऱ्यापासून वेगळं काढू शकत नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिला: ही वनस्पती या प्रदेशात जगू शकते का? याचं उत्तर हवामान देतं, तेही देश किंवा खंडाच्या पातळीवर. दुसरा: इथल्या कोणत्या शेतात, ओढ्यात, माळावर ती किती वर्षांत पोहोचेल? याचं उत्तर जमीन, तिचा वापर आणि बी वाहून नेणारी जनावरं देतात. संवर्धनाच्या आराखड्याला दुसरं उत्तर लागतं. तुमच्या वेळेचा मोठा वाटा तिकडेच जाऊ द्या.

ओळख पक्की करा

चुकीच्या झाडाच्या नोंदी घेऊन केलेलं मॉडेल दुरुस्त होत नाही. माळावर चार काटेरी झाडं एकमेकांत मिसळतात. वेडी बाभूळ: फुलं हिरवट-पिवळ्या लोंबीत, शेंग पिवळसर, जाडसर, गोड. देशी बाभूळ: पिवळे गोल गोंडे, शेंग प्रत्येक बीजवळ आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. हिवर: फिकट पांढुरके गोल गोंडे, साल पांढरट. शमी: काटे तिरपे आणि विखुरलेले, जोडीने नसतात. फुलं-शेंगा नसताना लांबून ओळख सांगू नका. नोंदीत 'संशयित' लिहा आणि फोटो घ्या.

नावाचाही एक तांत्रिक घोळ आहे. हे झाड अनेक दशकं प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा म्हणून नोंदलं गेलं. २०२२ साली वर्गीकरण बदलून ते नेल्टुमा ज्युलिफ्लोरा झालं. जीबीआयएफ या जागतिक नोंदींच्या खुल्या साठ्यावर दोन्ही नावांनी शोधा. जुन्या भारतीय नोंदींत प्रोसोपिस चिलेन्सिस हे नावही याच झाडाला लावलेलं आढळतं. तशा नोंदी फोटो किंवा नमुना पाहिल्याशिवाय घेऊ नका.

शेतातली नोंद

एका नोंदीत इतकं हवं: अक्षांश-रेखांश दशांश अंशात, पाच दशांशांपर्यंत, फोनने दाखवलेली चूक मीटरमध्ये, तारीख, झाडाची अवस्था म्हणजे रोप, झुडूप की शेंगा धरणारं झाड, आच्छादनाचा वर्ग (झाडाने किती टक्के जमीन झाकली), जमीन म्हणजे मुरूम, काळी की ओढ्याचा गाळ, जमिनीचा वापर, फोटो. आच्छादनाचे वर्ग सोपे ठेवा: ०, १ टक्क्याहून कमी, १ ते ५, ५ ते २५, २५ ते ५०, ५० ते ७५, ७५ च्या वर. झुडपांसाठी १० बाय १० मीटरचा चौकोन आखा, गाजर गवतासाठी १ बाय १ मीटरचा.

फोनची चूक १० मीटरच्या आत आल्याशिवाय बिंदू घेऊ नका. उघड्या माळावर त्याला अर्धा-एक मिनिट लागतं. उपग्रह चित्रातून झाड ओळखायला संगणकाला शिकवण्यासाठी बिंदू हवा असेल तर बेटाच्या (दाट झुडपांच्या गटाच्या) मधोमध उभे राहा आणि बेट निदान ३० बाय ३० मीटरचं असू द्या. त्याहून लहान बेटाची नोंद जरूर घ्या, फक्त ती शिकवणीत वापरू नका.

'नाही' चीही नोंद करा. जिथे नीट पाहिलं आणि झाड नव्हतं, ती जागा पुढे मॉडेल तपासताना सोन्याइतकी मोलाची ठरते. नवखे लोक रस्त्यालगतच्या नोंदीच गोळा करतात. मग मॉडेल 'रस्ता जवळ म्हणजे बाभूळ जास्त' असं शिकतं, आणि ते झाडाबद्दल शिकलं की नोंदणाऱ्याच्या दुचाकीबद्दल, हे नंतर कळत नाही. उपाय एकच: आधी नकाशावर जमिनीच्या प्रत्येक प्रकारात काही बिंदू यादृच्छिक पद्धतीने टाका आणि तिथे चालत जा. प्रत्येक प्रकारात ३० ते ४० बिंदू ही सुरुवातीला बरी संख्या.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दुपारी कळप विसावतो त्या झाडाखाली वाकून पाहा. गुरांच्या वाळक्या शेणाच्या एकाच पोवट्यातून बोटभर उंचीची पाच-सात रोपं वर आलेली दिसतात, पिसासारख्या बारीक पानांची. पुढच्या पाच वर्षांचा नकाशा या रोपांत असतो. उपग्रहाला ती दिसत नाहीत, म्हणून हे काम पायीच करावं लागतं. मेंढपाळांना विचारा: शेंगा पिकल्यावर कळप कुठून कुठे जातो, मुक्काम कुठे पडतो, पाणी कुठे पाजतात. मिळतील त्या वाटा नकाशावर रेघेने काढून घ्या. हा थर कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवता येत नाही.

अभयारण्याच्या हद्दीत काम करायचं तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. पक्ष्यांच्या विणीच्या काळात तिथल्या माळात फिरू नका.

नोंदी स्वच्छ करणं

या टप्प्याला घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. वारंवार सापडणाऱ्या चुका अशा.

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. सोलापूर साधारण १७.६७ उत्तर, ७५.९१ पूर्व. आकडे उलटे पडले तर बिंदू आर्क्टिक समुद्रात, स्वालबार्डच्या दक्षिणेला जातो. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती त्यातल्या त्यात बरी.

अंश-मिनिटं दशांश समजून लिहिणं. १७ अंश ४० मिनिटं म्हणजे १७.६६७. कुणी ते १७.४० लिहिलं तर बिंदू सुमारे ३० किलोमीटर दक्षिणेला, भीमेच्या बाजूला सरकतो. तो जिल्ह्यातच पडतो, म्हणून डोळ्यांना खटकत नाही. ज्या यादीत दशांशानंतरचा भाग कधीच ६० च्या वर जात नाही, त्या यादीवर संशय घ्या.

गोल केलेले आकडे. दोन दशांशांची नोंद म्हणजे जवळजवळ १.१ किलोमीटरची चूक, तीनची सुमारे ११० मीटर, चारची ११ मीटर. हवामान मॉडेलला तीन दशांश चालतात, माळाच्या मॉडेलला चारच्या खाली घेऊ नका.

याशिवाय जिल्ह्याच्या मध्यबिंदूवर किंवा शहरातल्या वनस्पती संग्रहालयाच्या पत्त्यावर पडलेल्या नोंदी, बागेत लावलेली झाडं आणि एकच नोंद दोनदा येणं हे काढून टाका. आरमधलं कोऑर्डिनेटक्लीनर हे पॅकेज यातलं बरंचसं करतं, पण ते चालवल्यावरही महाराष्ट्रातल्या नोंदींचे फोटो एकेक करून पाहाच. शेवटी विरळणी करा: जागतिक मॉडेलसाठी १० किलोमीटरच्या आत एकच नोंद, स्थानिकसाठी १०० मीटरच्या आत एकच.

हवामानाचं मॉडेल, थोडक्यात

सोलापूरपुरतं याचं उत्तर आधीच माहीत आहे, म्हणून यात फार रमू नका. पण शेजारच्या जिल्ह्यांशी किंवा घाटमाथ्याशी तुलना करायची असेल तर ते लागतं.

मूळ प्रदेशातल्या, म्हणजे मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातल्या नोंदी घ्या, आणि पसरलेल्या प्रदेशातल्याही घ्या. फक्त मूळ प्रदेश घेतला तर झाड प्रत्यक्षात जगतं अशा जागाही मॉडेल नाकारतं. फक्त भारत घेतला तर अजून न पोहोचलेल्या जागा 'प्रतिकूल' ठरतात. पसरत असलेल्या वनस्पतीबद्दल ही गोष्ट मनाशी बांधून ठेवा: ती एखाद्या ठिकाणी नसणं म्हणजे ती तिथे जगत नाही असं नव्हे. कदाचित बी अजून पोहोचलेलं नाही.

वर्ल्डक्लिम या हवामानाच्या खुल्या साठ्याच्या २.१ आवृत्तीचे ३० सेकंदांचे (अंशाच्या सेकंदांचे, वेळेच्या नव्हे) थर घ्या. सोलापूरच्या अक्षांशावर त्यातला एक चौकोन जेमतेम ०.९२ बाय ०.८८ किलोमीटरचा होतो. जुन्या १.४ आवृत्तीत तापमान दहाने गुणलेलं होतं, नवीनमध्ये सरळ अंश सेल्सिअस आहे. दोन्हींचे थर एकत्र झाले तर २७ अंशांचे २७० होतात आणि मॉडेल मूग गिळून चालत राहतं. त्यातल्या बायो १ ते बायो १९ या १९ थरांपैकी बायो ८, ९, १८ आणि १९ हे चार वगळा. 'सर्वांत ओली तिमाही' कुठली हे शेजारच्या चौकोनात अचानक बदलतं, म्हणून या थरांत सरळ रेषेत तुटलेले पट्टे दिसतात. उरलेल्यांपैकी ज्या दोघांचा परस्परसंबंध ०.७ च्या वर आहे, त्यातला झाडाच्या दृष्टीने अर्थ लागतो तो ठेवा. वेड्या बाभळीसाठी बायो ६ (सर्वांत थंड महिन्याचं किमान तापमान), बायो १२ (वार्षिक पाऊस) आणि बायो १५ (पावसाची चढउतार) एवढ्यावर काम भागतं.

मॅक्सेंटचे ठरीव पर्याय जसेच्या तसे स्वीकारू नका. ईएनएमइव्हॅल या पॅकेजने नियमन गुणक (मॉडेल किती साधं ठेवायचं तो आकडा) ०.५ ते ४ पर्यंत बदलून पाहा. प्रत्येक थराप्रमाणे अनुकूलता कशी बदलते त्याचे वक्र नागमोडी, खाच-खळग्यांचे येत असतील तर गुणक वाढवा. पार्श्वभूमीचे (नोंदींशी तुलनेसाठी यादृच्छिक उचललेले) १०,००० बिंदू नोंदींच्या आसपासच्या प्रदेशातूनच उचला. सैबेरिया आणि सहारा पार्श्वभूमीत घातले तर एयूसी (मॉडेल झाडाच्या जागा बाकीच्यांपासून किती वेगळ्या ओळखतं, याचा ० ते १ मधला आकडा) ०.९५ येतो आणि त्याचा अर्थ एवढाच होतो की बाभूळ बर्फात उगवत नाही.

आज ती कुठे आहे: उपग्रहाचा नकाशा

पसरण मोजायची तर आजचं ठिकाण आधी पक्कं हवं. सोलापूरचा कोरडा उन्हाळा इथे मदतीला येतो. मार्च ते मे या काळात माळावरचं गवत वाळून पिवळं पडतं, कोरडवाहू शेतं उघडी असतात, आणि वेडी बाभूळ हिरवी असते. तिची मुळं खोल जातात. त्यामुळे एप्रिलच्या एनडीव्हीआयमध्ये (हिरवेपणाच्या निर्देशांकात) ती उठून दिसते.

गूगल अर्थ इंजिन या ऑनलाइन सेवेत सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं घ्या. १० मीटरचे रंगपट्टे, दर पाच दिवसांनी फेरी. संग्रह 'हार्मोनाइज्ड' नावाचाच निवडा. जानेवारी २०२२ पासून मूळ चित्रांच्या आकड्यांत १००० ची भर पडलेली आहे. साधा संग्रह घेतला तर २०२१ आणि २०२३ ची तुलना करताना माळ अचानक बदलल्यासारखा दिसतो. १०,००० ने भागायला विसरू नका.

एकट्या एप्रिलच्या हिरवेपणावर भागत नाही, कारण ऊसही तेव्हा हिरवाच असतो. सोलापूर जिल्ह्यात उसाचं क्षेत्र इतकं आहे की ही गफलत नकाशा बुडवते. म्हणून वर्षभरातली निदान चार मध्यांक-चित्रं (महिन्यातल्या सगळ्या चित्रांतला मधला आकडा घेऊन केलेली) करा: नोव्हेंबर, जानेवारी, मार्च आणि मे. ऊस तुटला की एनडीव्हीआय एकदम कोसळतो. बाभळीचा उतरतो, पण हळूहळू. गिरिपुष्पाची लागवड हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळते. कडुनिंबाला मार्चच्या सुमारास नवी पालवी येते. या चालींवरूनच वर्गीकरण वेगळं काढतं. जोडीला पट्टा ५ (लाल आणि अवरक्तच्या सीमेवरचा) आणि पट्टा ११ (लघुलहरी अवरक्त) घ्या.

रँडम फॉरेस्ट ही वर्गीकरणाची पद्धत ३०० निर्णयवृक्षांची चालवा. वर्ग असे: वेडी बाभूळ, ऊस आणि बागायत, बांधावरची मोठी झाडं, गिरिपुष्प-सुबाभळीची लागवड, गवताळ माळ, उघडा मुरूम, कोरडवाहू शेत, पाणी, वस्ती. प्रत्येक वर्गाचे ५० ते १०० तुकडे. तपासणीचे तुकडे वेगळ्या गावातले ठेवा. त्याच बेटाचा अर्धा भाग शिकवायला आणि अर्धा तपासायला घेतला तर अचूकता फुगते.

मग नकाशाने 'बाभूळ' म्हटलेल्या ६० जागी प्रत्यक्ष जा. समजा ४८ जागी ती निघाली, तर नकाशाचा शब्द ८० टक्के खरा. उरलेल्या १२ जागी काय होतं ते लिहा. बहुतेक वेळा एकच वर्ग पुन्हापुन्हा निघतो, आणि त्याचे नमुने वाढवले की प्रश्न सुटतो.

माळाच्या पातळीवर अनुकूलता

आता १०० मीटरच्या चौकोनांवर दुसरं मॉडेल. सगळे थर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात आणा (ईपीएसजी ३२६४३). अंशांत अंतर मोजू नका.

थर हे: जमिनीची खोली किंवा पोत, उतार आणि ओलाव्याचा निर्देशांक (एसआरटीएम या अवकाशातून मोजलेल्या उंचीच्या ३० मीटर चौकोनांच्या थरावरून), जमिनीचा वापर, ओढा-नाल्यापासून अंतर, तलाव-कालव्यापासून अंतर, रस्त्यापासून अंतर, गावठाणापासून अंतर, आणि जमीन किती वर्षं नांगरलेली नाही. या शेवटच्या थराला सर्वांत जास्त किंमत द्या. दरवर्षी नांगर फिरतो तिथे बाभूळ बांधावरच राहते. दोन-तीन वर्षं पडून राहिलेल्या काळ्या जमिनीत ती झपाट्याने शिरते. पाच-सहा वर्षांच्या सेंटिनेल चित्रांवरून पावसाळी पीक दिसलं की नाही ते मोजून हा थर घरीच तयार होतो.

इथे तीन सापळे आहेत. जमिनीच्या वापराचे वर्ग आकड्यांत असतात. ते 'वर्ग' म्हणून जाहीर केले नाहीत तर मॉडेल वर्ग ५ ला वर्ग १ च्या पाचपट समजतं. दुसरा: बाभळीचा आजचा नकाशा एनडीव्हीआयवरून केला आहे, म्हणून एनडीव्हीआय हा थर इथे घालायचा नाही. तसं केलं तर मॉडेल स्वतःचीच साक्ष काढतं. तिसरा: 'सध्याच्या बेटापासूनचं अंतर' हाही थर इथे नको. ते पसरणीचं काम आहे. दोन्हीकडे घातलं तर एकच परिणाम दोनदा मोजला जातो आणि दूरच्या पण जोखमीच्या जागा सुरक्षित दिसतात.

तपासणी तुकड्यातुकड्याने करा. ब्लॉकसीव्ही पॅकेजने परिसर ५ किलोमीटरच्या चौकोनांत विभागून एकेक गट बाजूला ठेवा. एयूसी ०.९० वरून ०.७५ वर आला तर घाबरू नका, खरा आकडा तोच. बॉइस निर्देशांकही काढा. नोंदी फक्त 'आहे' च्या असतात तेव्हा तो अधिक विश्वासाचा.

पसरण चालवणं

अनुकूलतेचा नकाशा 'कुठे जगेल' एवढंच सांगतो. आता वर्षागणिक पुढे जायचं. अभ्यासक्षेत्र २० बाय २० किलोमीटर घ्या. ३० मीटरचा चौकोन धरला तर सुमारे ४ लाख ४४ हजार चौकोन होतात, आणि आरमधल्या टेरा पॅकेजला ते झेपतात. अनुकूलतेचा थर याच चौकोनांवर उतरवून घ्या. एक पायरी म्हणजे एक वर्ष.

पहिलं काम, बेटाची आतली वाढ. पुढच्या वर्षीचं आच्छादन = आजचं + वाढीचा दर × आजचं × (१ − आजचं ÷ कमाल). समजा आज ५ टक्के, दर ०.५, कमाल ८० टक्के. मग ५ + ०.५ × ५ × (१ − ५÷८०) = ७.३४ टक्के. कमाल किती धरायची ते त्या चौकोनाच्या अनुकूलतेवरून ठरवा.

दुसरं काम, शेजारी रुजणं. रिकाम्या चौकोनात झाड लागण्याची शक्यता = अनुकूलता × (१ − ई चा ऋण-बीभार घात), ई म्हणजे २.७१८. बीभार म्हणजे भोवतालच्या बेटांच्या आच्छादनाची बेरीज, अंतरानुसार घटवलेली. अनुकूलता ०.६ आणि बीभार ०.३ असेल तर शक्यता ०.६ × ०.२५९ = ०.१५५. घटीचं अंतर, म्हणजे जेवढ्या अंतरात बीभार बराच कमी होतो ते, सुरुवातीला ६० ते १०० मीटर धरा. एक अट विसरू नका: बी फक्त शेंगा धरणाऱ्या झाडांचंच मोजायचं. नव्या चौकोनाला बीभारात घेण्याआधी तीन वर्षं थांबवा. ही अट नसली की नकाशा वणव्यासारखा पेटतो.

तिसरं काम, लांबच्या उड्या, आणि सगळा खेळ इथेच आहे. शेंगा उन्हाळ्यात पिकतात, नेमका चारा संपलेला असतो तेव्हा. शेळ्या-मेंढ्या आणि गुरं त्या आवडीने खातात. बी कडक कवचात असल्यामुळे त्यातलं बरंचसं पोटातून धडधाकट बाहेर पडतं, तेही काही दिवसांनी, खताच्या गोळ्यासकट. तोवर कळप कित्येक किलोमीटर पुढे गेलेला असतो. सांगोल्याच्या बाजारातून टेम्पोने आलेलं जनावर तर तालुका ओलांडून बी आणतं. म्हणून उड्या सगळ्या दिशांना सारख्या टाकू नका. मेंढपाळांकडून घेतलेल्या वाटा, पाणवठे, मुक्कामाच्या जागा आणि ओढ्यांचा खालचा प्रवाह, यांना वजन द्या. एकूण बियांपैकी १ ते २ टक्के लांब जातं असं धरून सुरुवात करा आणि आकडा पुढच्या पायरीत सुधारा.

ती पायरी म्हणजे मागच्या काळावर तपासणं. लँडसॅटची ३० मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासून मिळतात. २००५ चा नकाशा करा, मॉडेल तिथून २०१५ पर्यंत चालवा आणि खऱ्या २०१५ शी ताडून पाहा. नवी बेटं मॉडेलपेक्षा दूर निघाली तर लांब उड्यांचं प्रमाण वाढवा. जुनी बेटं मॉडेलमध्ये फार फुगली तर घटीचं अंतर कमी करा. एका वेळी एकच आकडा हलवा. जमल्यावर आकडे न हलवता २०१५ ते २०२४ हा काळ तपासा. आकडे बसवलेल्या काळातच मॉडेल खरं ठरलं, याला पुरावा म्हणत नाहीत.

शक्यतेवर चालणारं मॉडेल एकदा चालवून थांबू नका. २०० वेळा चालवा आणि प्रत्येक चौकोनासाठी 'दहा वर्षांत किती वेळा बाभूळ आली' ते टक्क्यांत काढा. नकाशा याच टक्क्यांचा. दहा वर्षांच्या कामासाठी भविष्यातल्या हवामानाचे थर जोडू नका. तेवढ्या काळात माळ बदलतो तो पडीक जमीन, कालवा आणि चराई यांनी.

हीच पद्धत सगळ्याला लावू नका

गाजर गवताचं बी हलकं आणि हजारोंनी होतं. ते वाहनांच्या चिखलाने, वाळू-मुरमाच्या ट्रकने आणि पाण्याने जातं, आणि एका वर्षात त्याच्या अनेक पिढ्या होऊ शकतात. तिथे पायरी वर्षाची नको, महिन्याची हवी, आणि जनावरांच्या वाटांऐवजी रस्ते आणि बांधकामांचा थर लागतो. उजनीच्या फुगवट्यातली किंवा शहरातल्या तलावांतली जलपर्णी तर वेगळाच विषय. तिथे वाऱ्याची दिशा, पाण्याची पातळी आणि सांडपाण्यातलं नत्र-स्फुरद ठरवतं. जलपर्णीसाठी भाकितापेक्षा दर महिन्याचा उपग्रह नकाशा जास्त कामाचा.

नकाशा हातात देताना

वनरक्षकाला किंवा ग्रामपंचायतीला ० ते १ च्या रंगछटा देऊ नका. तीन वर्ग द्या आणि चौकोनांऐवजी गट नंबर द्या, कारण माणसं गट नंबराने जमीन ओळखतात.

प्राधान्य लावताना प्रत्येक तुकड्याला तीन गुण: येत्या दहा वर्षांत बाभूळ येण्याची शक्यता, माळाचं मोल (गवताची प्रत, काळविटांचा वावर, मोकळी नजर) आणि तोडणीचा खर्च. सर्वांत दाट बेटापासून सुरुवात करावी असा आग्रह बहुतेक ठिकाणी होतो, कारण ते डोळ्यात भरतं आणि लाकूडही मिळतं. पण त्याच पैशात चांगल्या माळावरची वीस-पंचवीस सुटी झुडपं आधी काढली, तर पसरणीची आघाडी तुटते. हे मॉडेलमध्येच चालवून दाखवा: एकदा दाट बेट काढून, एकदा सुटी झुडपं काढून, तेवढ्याच खर्चात. दोन नकाशे शेजारी ठेवले की बैठकीत वाद उरत नाही. दाट बेटांवर सरपण आणि कोळशासाठी अवलंबून असलेली घरं असतील, तर त्यांचा विचार आराखड्यात लिहूनच पुढे जा.

तोडणीच्या बाबतीत एक गोष्ट खर्चाच्या रकान्यात आधीच धरा. जमिनीलगत तोडलेली वेडी बाभूळ त्याच पावसाळ्यात दहा फांद्यांनी फुटते. जमिनीखालचा फुटव्याचा गड्डा फूटभर खणून काढावा लागतो. त्यानंतरही मातीतलं बी वर्षानुवर्षं उगवत राहतं, म्हणून निदान पाच वर्षं दर पावसाळ्यानंतर रोपं उपटण्याची मजुरी अंदाजपत्रकात हवी. मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या, डोंगरी यांसारख्या इथल्याच गवतांचं बी टाका. त्या जागी पुन्हा झाडं लावू नका, ती देशी असली तरी.

दर दिवाळीनंतर नवी नोंद घ्या: काढलेल्या जागा, पुन्हा फुटलेल्या जागा, नव्याने दिसलेली रोपं आणि मॉडेलने धोका सांगूनही रिकाम्या राहिलेल्या जागा. शेवटचा रकाना बहुतेक जण सोडून देतात. तो भरलात तर दुसऱ्या वर्षापासून अनुकूलतेचं मॉडेल प्रत्यक्ष पाहिलेल्या 'नाही' वर तपासता येतं.